देवीच्या नाकपुडीतून

चिराईपाड्याच्या देवीला डोळ्यांनी दिसत नाही. डोळे आहेत, चांगले वाटीएवढे, काजळ घातलेले, पण ते नुसते रंगवलेले. मुखवटा घालणाऱ्याला बाहेरचं जे काही दिसतं ते तिच्या नाकपुड्यांच्या दोन भोकांतून. तेवढ्यातून वाट दिसते, समोरच्याचे पाय दिसतात, आणि मान मागं टाकली तर चेहरा. गावाला वाटतं देवी सगळ्यांवर नजर ठेवून आहे. खरं तर ती बिचारी खड्डे चुकवत असते.

पुंजा भोयेला हे बाविसाव्या वर्षी कळलं आणि तिथून त्याचं बिनसलं.

पेठच्या डोंगरातल्या पाड्यांवर चैत्रात बोहाडा होतो. लाकडी मुखवटे चढवून देवादानवांची सोंगं संबळ-पिपाणीच्या तालावर एकामागून एक नाचत येतात. कोणतं सोंग कोणत्या घराचं, हे पिढ्यांपूर्वी ठरलेलं. गणपती एका घराचा, रावण दुसऱ्याचा. सगळ्यात मोठा मान देवीचा, आणि तो भोयांचा. शेवटच्या दिवशी चांगलं उजाडलं की देवी निघते, पाडाभर नाचते, महिषासुराला गाठून मारते, की बोहाडा उलगडला.

मधे एक रीत आहे. घरात पोर आजारी असेल तर ते देवीच्या वाटेवर आडवं निजवायचं आणि देवीनं ते ओलांडायचं. ओलांडलं की दुखणं गेलं. दुसरी रीत अशी की देवी बोलत नाही. एकदा मुखवटा बांधला की आतल्या माणसानं अक्षर काढायचं नाही आणि महिषासुर मरेपर्यंत मुखवटा उतरवायचा नाही.

पुंजाच्या बापाचे गुडघे गेले तेव्हा मुखवटा पुंजाच्या डोक्यावर आला. लहानपणापासून त्यानं ऐकलेलं, संबळ घुमला की आतला माणूस माणूस राहत नाही, देवी शिरते, भान जातं. पोरगं बिचारं वाट बघत नाचलं. संबळ घुमला, पिपाणी वाजली, बाया पाया पडल्या, आणि आत पुंजाच होता. घामानं भिजलेला, नाकाला खाज सुटलेला पुंजा. त्याला वाटलं, आपलीच चूक. उपासाच्या दिवसांत पेठच्या स्टँडवर चोरून भजी खाल्ली होती, ती देवीनं बघितली. पुढल्या साली त्यानं पाणीसुद्धा मोजून घेतलं. घोंगडीवर झोपला, अनवाणी फिरला. तरी आत पुंजाच. तिसऱ्या साली त्यानं शेजारच्या घरचं तापानं फणफणलेलं पोर ओलांडलं. दोन दिवसांत ते गेलं. पोराची आई म्हणाली, "देवीचा पाय जड पडला." जड पडलेला पाय पुंजाचा होता. बाईला ते माहीत नव्हतं, पुंजाला होतं.

बोहाडा झाल्यावर बापलेक खाचरात राब भाजत होते. भात-नागलीची रोपं टाकायच्या जागी पालापाचोळा जाळायचा, त्याला डोंगरात राब म्हणतात. धुराकडं बघत पुंजानं विचारलं,

"आबा, तुमच्या अंगात यायची का?"

"कोण?"

"कोण म्हंजी? देवी."

म्हाताऱ्यानं काठीनं पाला सारखा केला. एका जागी केला, दुसऱ्या जागी केला. मग म्हणाला, "तुला आली का?"

"नाय."

"मला बी नाय आली. पयल्या साली वाटलं, उपास मोडला. दुसऱ्या साली वाटलं, मनात पाप हाय. मग इचारायचंच सोडलं."

"आणि आज्याला?"

"त्यो काय मला सांगून गेला? पण त्यो बी माझ्यावाणीच गप असायचा."

"मंग लोकांला सांगितलं का नाय तुम्ही?"

"काय सांगू रं? आत मीच हाय म्हणून? त्यांनी पोरं आणून पायाशी टाकली व्हती."

झालं. पुंजाचा देव गेला तो असा, भर दुपारी, राबाच्या धुरात. त्यानं कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं, कुणाचं भाषण ऐकलं नव्हतं. नास्तिक हा शब्दसुद्धा त्याला पुढं नाशकात कळला. लोक देवळाबाहेर उभं राहून आत कोण आहे यावर वाद घालतात. पुंजा आत जाऊन बघून आला होता. तिथं तो आणि त्याच्या अगोदर त्याचा बाप होता, आणि दोघंही आपल्यालाच पापी समजत होते.

पुंजाच्या नाकावर राग. बापासारखं गप बसणं त्याच्या रक्तात नव्हतं. पुढल्या साली बोहाड्याची बैठक बसली तेव्हा तो उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला, "आत कोणी नाय. मी तीन साल बघून आलो. पोरं दवाखान्यात न्या." बैठकीत यादव होता, तेव्हा तरणा, पण बोहाड्याचा कारभार त्याच्याच घरात. तो हसून म्हणाला, "पाप्याच्या अंगात देवी कशाला येईल?" पुंजानं त्याच्या कानाखाली आवाज काढला. सकाळच्या एसटीनं नाशिक गाठलं. मुखवट्याचा मान चुलतभाऊ दत्तूकडं गेला. पुंजानं देव सोडला, बोहाडा सोडला, आणि रागाच्या भरात संबळावरचा नाचही सोडला. पहिली गोष्ट बरोबर होती. शेवटची चूक होती, पण ते कळायला पंचवीस वर्षं जावी लागली.

नाशकाच्या कडेला, अंबडला, एका पत्र्याच्या कामाच्या कंपनीत तो प्रेसवर लागला. देव गेल्यावर माणसाच्या आयुष्यात पोकळी पडते म्हणतात. पुंजाला पोकळी काही पडली नाही, ओव्हरटाइम पडला. मात्र एक खरं. मुलगी झाली तेव्हा बायको सविता दोन दिवस अत्यवस्थ होती. दवाखान्याच्या जिन्यात पुंजाचे हात आपोआप जोडले गेले. जोडलेल्या हातांकडं तो बघत राहिला. कुणापुढं जोडलेत? मग त्यानं ते सोडवले आणि खाली जाऊन रक्त देऊन आला. सविता वाचली. ती अजून देवाला दिवा लावते. पुंजा अडवत नाही. "गणपती तिचा, मोदक दोघांचे," असं तो स्वतःच सांगतो.

आणि अंधश्रद्धा काय ती डोंगरातच असते, असं समजणाऱ्यांनी खंडेनवमीला अंबडला यावं. परदेशी मशीनला झेंडूची माळ, कॉम्प्युटरला हळदकुंकू, आणि टाय लावलेले साहेब नारळ फोडायला ओळीत उभे. एका साली साहेब म्हणाले, "पुंजा, जुना माणूस तू. फोड नारळ."

पुंजा म्हणाला, "साहेब, आधी प्रेसला सेन्सर बसवा. नारळ मी घरून आणतो."

"आजच्या दिवशी अपशकुनी बोलू नकोस."

"अपशकुन मागच्या महिन्यात झाला. प्रेसवरच्या नव्या पोराची दोन बोटं गेली. त्या प्रेसला पण माळ होती."

साहेब लालबुंद झाले. पण कामगार हसले, आणि कामगार एकदा हसले की साहेबाचं अवघड होतं. दिवाळीच्या आत सेन्सर बसला. त्या रात्रपाळीला पुंजानं चहा पाजला सगळ्यांना. कुणीतरी म्हणालं, देव पावला. पुंजा म्हणाला, "देव नाय, युनियन."

मग हळूहळू त्याचं दुसरं काम सुरू झालं. पेठ-सुरगाण्याकडची माणसं आजारी नातेवाईक घेऊन नाशकात उतरायची आणि सरकारी दवाखान्याच्या दारात बावरून उभी राहायची. कुठल्या खिडकीवर जायचं, केसपेपर म्हणजे काय, डॉक्टर ओरडला तर काय म्हणायचं, काही ठाऊक नाही. पुंजा सुट्टीच्या दिवशी तिथं जाऊन उभा राहू लागला. पुढं त्याचा फोन नंबर पाड्यापाड्यांवर पसरला. साप चावला, बाई अडली, पोराला झटके आले, की "पुंजामामाला लावा फोन." त्यानं एक जुनी जीप घेतली ती ह्याच धंद्यासाठी. कुणी विचारलं, देव मानत नाही तर पुण्य कशाला कमावतो, तर तो खवळायचा. "वरून कोणी बघत नाय, हे कळलं म्हणून तर मी बघतो. वर कोणी असता तर मी बी घरी झोपलो असतो." माणूस गर्विष्ठ होता. पण गर्वाला रोज राबवत होता.

गेल्या चैत्रात त्याला आईचा फोन आला. चतुराबाईला फोन करता येत नाही, पाड्यावर आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा-सेविकेनं, उज्वलानं, लावून दिला होता.

"दत्तूचा पाय मोडला. कोटंबीच्या घाटात गाडी घसरली," म्हातारी म्हणाली. "बोहाडा तोंडावर आला. यादव म्हणतो, भोयांच्या घरात माणूस नाय, मान दुसऱ्या घरी देऊ."

"देऊ दे की आई. बरं होईल."

"पुंजा, तू घे ना सोंग."

"मी? पंचवीस वर्षं गावभर सांगतोय आत कोणी नाय, आणि मीच आत शिरू?"

मग म्हातारी म्हणाली, "मुखवटा तुझ्या आज्यानं कोरला. पांगाऱ्याचं लाकूड, एक पावसाळा बसून. त्यो देवीचा नसंल तर नसंल बाबा. आज्याचा तर हाय ना?"

पुंजानं खिशातली जीपची किल्ली चाचपली.

तेवढ्यात उज्वलानं फोन हातात घेतला. "मामा, याच तुम्ही. मला पण काम आहे."

तो जीप घेऊन निघाला. पाड्याच्या खाली, हातपंपापाशी उज्वला उभी होती. सव्विशीची पोरगी, बोलायला फटकळ, पायांत गावात सगळ्यात झिजलेल्या चपला. ती जीपमध्ये बसली आणि तिनं आधी रडून घेतलं, मग बोलली. पाड्यावर गोवर आला होता. पोरं तापानं, पुरळानं भरली होती. डोंगरात गोवर म्हणजे रोग नव्हे, देवीचं येणं. घरात फोडणी बंद, दारात निंबाचा डहाळा, आणि औषध तर अजिबात नाही, देवी कोपते. लस टोचायला आलेल्या सिस्टरला बायांनी दारातून परत पाठवलं होतं.

"सगळ्या म्हणतात, बोहाड्याला देवी ओलांडंल, मग उतरंल. तोवर थांबायचं. मामा, थांबायला वेळ नाही. ललिताच्या पोरीचा खोकला मला आवडत नाही. श्वास घेताना बरगडीखाली खड्डा पडायला लागला की संपलं समजा, लगेच हलवावं लागतं."

"मग मी काय करू?"

"देवी व्हा. आणि बोला."

"देवी बोलत नाय."

"म्हणून तर! देवी एकदा बोलली, पोरं दवाखान्यात न्या म्हणाली, की काम झालं. एक वाक्य, मामा."

पुंजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे खोटं बोलू? आत देवी हाय असं म्हणू? त्याच खोटेपणासाठी भांडून मी गाव सोडलं!"

"तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवा!" उज्वलाही तापली. "तुमचं खरं पंचवीस वर्षं झाली, गावात कुणी ऐकलं? मी रोज खरं सांगते दारोदार फिरून, माझं कोण ऐकतं? तुम्हाला पोरांपेक्षा तुमचं खरं प्यारं आहे."

पुंजानं जीप थांबवली. हिला उतरवून द्यावं असं त्याला वाटलं. उतरवलं नाही, कारण पोरगी बरोबर होती. पण आपणही बरोबर आहोत, हे त्याला तेवढंच ठाऊक होतं. आज देवीच्या तोंडून दवाखाना सांगितला तर पोरं जातील. पण उद्या दुसरा कुणी त्याच तोंडून दवाखाना नको म्हणेल, तेव्हा काय? मुखवट्याला एकदा वाचा फुटली की ती कुणाच्याही हातात जाते.

"सोंग घेतो," तो म्हणाला. "बोलायचं काय, ते माझं मी बघतो. जीप देवळाच्या कडेला उभी करतो. तू पेठच्या दवाखान्यात फोन करून ठेव."

यादव आता कारभारी झाला होता, केस पांढरे, पोट सुटलेलं. कानाखालची तो विसरला नव्हता. पण बोहाडा बिनदेवीचा राहिला असता तर नाव त्याचंच गेलं असतं. "ये," तो तुटकपणे म्हणाला. "उपास?"

"येताना मिसळ खाल्ली."

"तू सुधारणार नाहीस."

"तू पण नाही. चल."

दुसऱ्याच दिवशी, बोहाड्याच्या शेवटच्या सकाळी, चतुराबाईनं त्याला हिरवं नऊवारी नेसवलं, कपाळावर मळवट भरला, आणि मुखवट्याच्या दोऱ्या मागं करकचून बांधल्या. आत तोच जुना वास होता, रंगाचा, धुराचा, बापाच्या घामाचा. नाकपुड्यांतून उजेडाचे दोन गोल दिसले. यादवनं कोपर धरलं, वाट दाखवायला. बाहेर संबळ घुमला.

आणि पुंजाचे पाय उचलले गेले.

पंचवीस वर्षं त्यानं हा ताल कानांत येऊ दिला नव्हता, तरी पायांनी तो जपून ठेवला होता. एक पाऊल मागं, दोन पुढं, कंबर मोडून गिरकी, हातातली तलवार आडवी. बाया ओरडल्या, पिपाणी वर चढली. अंगात कोणी आलं नाही. पण अंग असं जागं झालं की पुंजाला मुखवट्याच्या आत हसू फुटलं. हे तर आपलं होतं! हे लाकूड आज्यानं कोरलं, हा ताल आपल्या माणसांनी बसवला, ही गिरकी बापानं शिकवली. ह्यात देवीचं काय होतं? देव नाही म्हणून आपण आपलाच नाच टाकून गेलो, ह्या येडेपणाला काय म्हणावं? रागावलेला माणूस घर सोडताना चपला विसरतो. पुंजा पाय विसरून गेला होता.

मग उजेडाच्या गोलात गोधड्या आल्या.

वाटेवर पाच पोरं आडवी निजवली होती. अंगभर पुरळ, डोळे चिकटलेले, वरून निंबाचा पाला. बाया कडेला हात जोडून उभ्या. पहिली ललिताची पोरगी, तीनेक वर्षांची. पुंजा थांबला. संबळवाल्यांना वाटलं देवी ताल बदलतेय, त्यांनी जोर धरला. पुंजानं मान खाली घातली. पोरीची छाती वरखाली होत होती, आणि दर श्वासाला बरगडीखाली खड्डा पडत होता.

"ओलांड," यादव कानाशी कुजबुजला. "अरे ओलांड ना!"

भाषण तयार होतं. जीपमध्ये, आंघोळ करताना, साडी नेसताना पुंजानं ते घोकलं होतं. त्यातला एक शब्द त्याला आठवला नाही. त्यानं तलवार यादवच्या हातात दिली, दोन्ही हात मागं नेले, आणि आईनं मारलेली गाठ सोडायला लागला. गाठ सुटेना. तो ओढत राहिला. दोरी कचकन तुटली आणि चिराईपाड्याच्या देवीचं तोंड भर उन्हात, सगळ्यांदेखत उतरलं.

संबळ थांबला. पिपाणी अर्ध्या सुरात विझली.

मळवट गालावर ओघळलेला, घामानं निथळणारा पुंजा म्हणाला, "ओलांडायचं नाय. उचलायचं. पोरगी मरतेय, उचला तिला!"

कुणी हललं नाही.

"पुंजा, मुखवटा घाल!" यादवचा आवाज चिरकला. "गाव बुडवशील. देवी कोपंल!"

"कुठली देवी? आत मी हाय! मागं बी मीच होतो. तिसऱ्या साली ज्या पोरावर पाय जड पडला, तो माझा पाय होता. त्याच्या आईला सांगा!"

दोन-तीन जण पुढं आले. एकानं पुंजाचा दंड धरला. आता मार पडणार हे त्याला कळलं, आणि त्यानंही मूठ आवळली. तेवढ्यात म्हातारी चतुराबाई गर्दीतून वाट काढत आली. तिनं लेकाच्या काखेतला मुखवटा काढून घेतला, पदरानं त्याचं तोंड पुसलं, लेकाचं नव्हे, मुखवट्याचं, आणि यादवकडं वळली.

"त्याला कशाला धरता? ह्याचा बाप दर साली बोहाडा झाला की माझ्यापाशी बसून रडायचा. म्हणायचा, चतुरा, आत मीच होतो गं. मी म्हणायची, गप बसा, मान जाईल." तिनं मुखवटा छातीशी धरला. "मान ऱ्हायला. पोरं गेली. आता नाय मी गप बसत. ललिता, उचल पोरगी!"

ललितानं सासूकडं बघितलं नाही, नवऱ्याकडं बघितलं नाही. तिनं पोरगी उचलली आणि जीपकडं पळाली. मग दुसरी उठली. मग राहिलेल्या.

मागून विठाबाई म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "देवीनंच त्याच्या हातून तोंड काढवलं गं! तिचीच इच्छा, दवाखान्यात जा म्हणतेय!"

पुंजा गर्रकन वळला. "आजे, देवीनं नाय, मी काढलं! माझ्या हातानं!"

"मामा!" उज्वलानं त्याच्या नऊवारीचा काष्टा धरून खेचला. "भांडण गाडीत बसून करा."

पुंजानं काष्टा खोचला आणि स्टिअरिंगवर बसला.

पेठच्या दवाखान्यात हिरव्या नऊवारीतला, मळवट भरलेला, मिशीवाला माणूस कडेवर पोर घेऊन आत शिरला तेव्हा तरुण डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्याच. "पेशंट कोण?"

"ही पाच. मी ठणठणीत हाय."

पोरीला ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं. बाकीच्यांना डोस पाजले, औषधं दिली. दुपारपर्यंत पुंजा व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिला. बांगड्या काढायचं त्याच्या ध्यानात नव्हतं. येणारेजाणारे त्याच्या पाया पडत होते आणि तो प्रत्येकाला हाकलत होता. शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, पोरगी वाचेल. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

ललिता येऊन त्याच्याशेजारी बाकावर बसली.

"मामा, खरं सांगा. आत कोणीच नव्हतं?"

"मी होतो."

"आणि ती?"

"ती नव्हती."

ललितानं मान हलवली. मग म्हणाली, "मंग बरंच झालं. तिला जीप कुठं चालवता आली असती?"

पुंजा इतका मोठ्यानं हसला की आतून नर्सनं दटावलं. पंचवीस वर्षांत त्यानं एवढी भाषणं केली, पण इतकं नेमकं त्याला कधी बोलता आलं नव्हतं.

उन्हं कलायला लागली तेव्हा तो उज्वलाला आणि दोन बायांना त्यांच्या पोरांसकट घेऊन परतला. त्याला वाटलं होतं, पाडा रिकामा असेल किंवा दगड घेऊन बसलेला असेल. तसं काही नव्हतं. सगळे देवळापुढं सावली धरून बसले होते. आंब्याखाली महिषासुर, म्हणजे पुंजाचा बालमित्र भिकन, शिंगांचा मुखवटा मांडीवर घेऊन बशीतून चहा फुरकत होता.

"आली का देवी दवाखान्यातनं?" भिकन ओरडला. "सकाळपास्नं मरायला बसलोय मी!"

लोक हसले. यादव हसला नाही. पण तो उठून जीपपाशी आला. "पोरगी?"

"हाय. दूध मागितलं."

यादवनं सुस्कारा टाकला. देवीसाठी की पोरीसाठी, ते त्याचं त्याला ठाऊक. मग म्हणाला, "बोहाडा अर्धवट राहिला. मुखवटा बाटला. आता काय करायचं?"

"लाकूड कुठं बाटतं रे?" चतुराबाई देवळाच्या पायरीवरून म्हणाली. मुखवटा अजून तिच्या मांडीवर होता. तुटलेल्या दोरीला तिनं नवी दोरी जोडून ठेवली होती. "पुंजा, थकलास का?"

"थकलो. बांध."

"पण सगळ्यांना ठाऊक हाय आत कोण ते!" यादव म्हणाला.

"मग काय झालं?" पुंजानं साडी सारखी केली. "रावणाच्या आत कोण असतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. तरी पोरं घाबरतात ना? देवीच्या आत मी आहे, हे ठाऊक असून बघा. आणि एक सांगून ठेवतो, यादव. ह्यापुढं वाटेवर पोर निजवलं तर मी हितंच मुखवटा काढणार. दर साली काढणार. आई, गाठ सैल मार."

यादव काहीतरी बोलणार होता. पण बायांतल्या एकीनं आपली गोधडी गुंडाळून काखेत मारली आणि वाट मोकळी करून मागं सरकली. दुसरीही सरकली. वाट रिकामी झाली, तेव्हा यादवनं संबळवाल्याकडं बघून हात वर केला.

चतुराबाईनं दोरी बांधली. ह्या वेळी गाठ सैल मारली. आत पुन्हा तोच वास आला, रंगाचा, धुराचा, बापाचा. उजेडाच्या दोन गोलांत शिंगं हलताना दिसली. भिकन रेड्याच्या मुखवट्यामागून फुरफुरत जवळ आला, तलवारीला तलवार भिडवली, आणि रीत मोडून हळूच म्हणाला,

"काय रं, आत कोण हाय आता?"

"मीच हाय," देवी म्हणाली. "ये."